देठाकडची चकती

काकडीचे चौसष्ट वेल होते आणि प्रत्येक वेलाची पहिली काकडी काकू चाखायची. मोठ्या घराच्या, भिंतीनं वेढलेल्या बागेतला हा नियम त्या घराइतकाच जुना होता. काकडी वीतभर झाली की देठाकडून पातळ चकती कापायची. तिला मीठ लावायचं नाही. देठ घासून फेस काढायचा नाही. ते लाड स्वयंपाकघरात करायचे, वेलाजवळ नाहीत. चकती जिभेच्या मुळाशी धरायची, दहा अंक मोजायचे, थुंकायची, चूळ भरायची आणि मग एकच शब्द बोलायचा. गोड म्हटलं की वेलाच्या पत्र्याच्या बिल्ल्याला पांढरा दोरा. कडू म्हटलं की मागे खुरपं घेऊन उभा असलेला माळी तो वेल तिथल्या तिथे, फुलांसकट, उपटून टाकायचा. एक जरी कडू वेल मांडवावर राहिला तरी मधमाश्या त्याचे पराग सगळीकडे वाटत सुटतात आणि पुढच्या वर्षीचं बी बिघडतं. याला ते घर चाखणी म्हणायचं.

माळी हा काकूचा नवरा. सत्तावीस वर्षं तो चाखणीला तिच्या मागे खुरपं घेऊन उभा राहत आला होता आणि सत्तावीस वर्षांत "नक्की का?" असं त्यानं तिला एकदाही विचारलं नव्हतं. चाखणी सोडून बाकी सगळ्या बाबतीत मात्र तो तिला दिवसातून दहा वेळा नक्की का विचारायचा.

त्याला स्वतःला चाखायची मनाई होती. तंबाखूनं त्याची जीभ जनावराच्या कातड्यासारखी झाली आहे, असं त्याच्या आईनं तो पंचविशीत असतानाच जाहीर केलं होतं आणि चाखणी सुनेच्या, म्हणजे काकूच्या, हाती देऊन टाकली होती. मुलाचा तर प्रश्नच नव्हता. तो मोठ्या घराची गाडी चालवायचा, पाव, पीठ, पाहुणे असं सगळं वाहायचा, आणि जेवायला बसायचा तेव्हा इतका भुकेलेला असायचा की त्याला पाण्यात उकडलेला दोडकाही गोडच लागायचा.

यंदा ऊन फार होतं. विहिरीचा तळ दिसायला लागला होता आणि मांडवाला झारीनं मोजून पाणी घालावं लागत होतं, एका वेलाला दोन झाऱ्या, तेही संध्याकाळी. पानं दुपारी ओल्या फडक्यासारखी लोंबायची आणि उन्हं उतरली की पुन्हा कशीबशी मान वर काढायची. तहानलेला वेल कडू होतो. दरवर्षी पाचसहा कडू निघायचे, यंदा दहाबारा तरी निघतील असा माळ्याचा अंदाज होता. मोठ्या घराचा कारभार बघणाऱ्या मॅडमही दोनदा येऊन सांगून गेल्या की काकू, यंदा जरा जास्तच जपून. ही काकडी दुसरीकडे कुठे नव्हती. बाटलीसारखी मधे बारीक, दुधी रंगाची, अंगावर हिरवे ओरखडे, आणि बियांसाठी ठेवली की विटेसारखी लाल होणारी. तिच्यासाठी लोक तिकीट काढून यायचे आणि शनिवारी जुन्या स्वयंपाकघरात बसून ती खाऊनही जायचे. तो स्वयंपाकही काकूच करायची.

आणि यंदाच काकूची जीभ गेली होती.

थंडीत आठ दिवस ताप आला होता. ताप गेला, अशक्तपणा गेला, पण तोंडात जे काही घालावं ते ओल्या कापसासारखं लागायचं ते तसंच राहिलं. वासही गेला. आठवड्यानं येईल, महिन्यानं येईल असं करत चार महिने झाले. तिनं कुणाला सांगितलं नाही. स्वयंपाकघरात ती मिठाचा चमचा मोजून टाकायला लागली, कांदा रंगावर उतरवायला लागली, आणि वाढताना पहिला घास घेणाऱ्याच्या भुवया बघायला लागली. एकदा दूध लागलं, खाली पार काळं झालं, तरी ती शांतपणे ढवळत उभी. मग भांड्यालाच शिव्या घातल्या. गंमत म्हणजे मॅडम म्हणाल्या की हल्ली तुमच्या हातचं मीठ अगदी बेतात असतं. काकू त्यावर हसली, आणि मागे जाऊन कोठीच्या दाराआड नाक ओढत उभी राहिली.

स्वयंपाक मोजून निभावता येत होता. चाखणी येणार नव्हती. स्वयंपाकघरात ज्या बाईला चव कळत नाही तिला कोण ठेवतं, आणि ठेवलं तरी कशासाठी, हा विचार महिनाभर तिच्या डोक्यातून जात नव्हता.

चाखणीच्या पहिल्या दिवशी एकवीस वेलांच्या काकड्या तयार होत्या. सकाळी सातलाच भिंत तापायला लागली होती. पुढे काकू, हातात चाकू आणि पाण्याचा तांब्या, मागे माळी, त्याच्यामागे सून, कमरेवर टोपली. कापलेल्या काकडीवर नखानं वेलाचा नंबर ओरखडायचा आणि ती टोपलीत टाकायची, हे तिचं काम. सून लग्न करून आली त्याला दोन वर्षं झाली होती. त्याआधी ती तालुक्याला चपलांच्या दुकानात गल्ल्यामागे उभी राहायची. कामाला चपळ, बोलायला कमी, आणि प्रत्येक घासाला हिरवी मिरची. काकूनं पहिल्याच आठवड्यात तिच्याबद्दल निकाल देऊन टाकला होता की हिची जीभ मेलेली आहे, हिला स्वयंपाकघरात पातेली घासायला ठेवा.

काकूनं पहिली चकती जिभेवर ठेवली. गार होती, इतकंच कळलं. दहा अंक मोजले. "गोड," ती म्हणाली.

दुसरी गोड. तिसरी गोड. आठवीपर्यंत सगळ्या गोड. मग तिला मागे माळ्याची हालचाल जाणवली. तो खुरपं या हातातून त्या हातात घेत होता. एवढ्या उन्हात आठांत एकही कडू नाही, हे त्याला चमत्कारिक वाटत असणार. नऊ नंबरच्या वेलाशी तिनं चकती तोंडात धरली, वेलाकडे पाहिलं, त्याची दोन पानं पिवळी होती. तेवढ्यावर ती म्हणाली, "कडू."

माळ्यानं काहीच विचारलं नाही. वाकला, मुळाशी खुरपं घातलं आणि वेल ओढला. मांडवावरून तो सुटा होताना सुतळ्या ताणल्या, त्यांना गुंडाळलेला एकेक तणावा तुटत आला आणि सातआठ पिवळी फुलं काकूच्या पायाशी पडली. एका फुलात माशी होती. ती बाहेर आली, गोंधळल्यासारखी घिरटी घालून दुसऱ्या वेलाकडे गेली. बावीस नंबरचा वेलही काकूनं असाच पाडला, कारण एकच कडू निघणंही बरं दिसलं नसतं. या वेळी तिनं वेल उपटताना पाहिलं नाही. चूळ भरायला तोंड फिरवलं.

दुपारी स्वयंपाकघरात सून ओट्याशी बसून त्या एकवीस काकड्या चिरत होती. चिरता चिरता एखादी फोड तोंडात टाकायची तिची सवय होती. नऊ नंबरची टाकली. थांबली. काकडी उलटून नंबर पुन्हा पाहिला. दुसरी फोड खाल्ली. मग बाविसाची. दोन्ही इतक्या गोड होत्या की मिरचीची आठवण होऊ नये. मग ती सरसावून बसली आणि तिनं एकवीसच्या एकवीस खाऊन पाहिल्या. सतरा नंबरची तोंडात घेतली आणि तिचा चेहरा औषध पाजलेल्या पोरासारखा झाला. सतरा नंबरच्या बिल्ल्याला सकाळी काकूनं स्वतः पांढरा दोरा बांधला होता.

सुनेला सगळं कळायला तेवढं पुरलं. लागलेलं दूध, मोजलेलं मीठ, वाढताना सगळ्यांच्या तोंडाकडे बघणं, हे तिनंही पाहिलं होतं. कुणाला सांगायचं हे मात्र कळेना. सासूला सांगावं तर ती म्हणेल, मिरच्या खाऊन खाऊन तुला काय कळतंय. सासऱ्याला सांगावं तर ती चुगली. नवऱ्याला सांगावं तर तो संध्याकाळपर्यंत गेटावरच्या तिकिटवाल्यालाही सांगून मोकळा होईल. आणि सतरा नंबरवर तर फुलं होती, मधमाश्या होत्या.

दुपारी दोनला मोठ्या घरात सगळे आडवे होतात. सून खुरपं घेऊन मांडवात गेली, सतराच्या बुंध्याशी बसली, दोन बोटं माती उकरून मूळ कापलं आणि माती परत दाबून टाकली. संध्याकाळी झारी घेऊन माळी आला तेव्हा सतरा नंबर मान टाकून उभा होता. तिसरी झारी घातली तरी उठेना. शेवटी त्यानं ओढून पाहिला, तर वेल पिशवी उचलावी तसा अलगद हातात आला.

"घूस," माळी म्हणाला.

त्यानं पिंजरा आणला. आत पावाचा तुकडा, त्यावर गोडं तेल. सकाळी पिंजरा रिकामा, पावाला मुंग्या. मुलाला यात फार मजा वाटली. जेवताना तो म्हणाला की बाबा, घुशीला काकडी आवडते, तुम्ही तिला पाव घालताय, तिचा अपमान झाला असेल. माळी हसला नाही. घुशीच्या सवयींबद्दल त्यानं सगळ्यांना बराच वेळ समजावून सांगितलं. सून खाली मान घालून जेवत होती. काकूला मात्र एक गोष्ट खटकत होती. घूस आली तर ती रांगच्या रांग कुरतडते. एकच वेल आणि तोही दोरा बांधलेला?

गुरुवारी वीस वेलांची चाखणी होती. काकूनं या वेळी एकही वेल पाडला नाही. नऊ आणि बावीस तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हते. वीसच्या वीस गोड. मॅडम मधे येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांनी कौतुकानं मान डोलावली आणि म्हणाल्या की एवढ्या उन्हात कमाल आहे. माळ्यानं खुरपं पुसून कमरेला खोचलं. घरी जाताना त्यानं दोनदा मागे वळून मांडवाकडे बघितलं.

शुक्रवारी सकाळी एक वेल पडलेला, संध्याकाळी आणखी एक. माळ्यानं तीन पिंजरे लावले, राख पसरली, बिळं शोधत भिंतीच्या कडेकडेनं रांगून दोन्ही गुडघे फोडून घेतले. शनिवारी पाहुण्यांचं जेवण उरकल्यावर तो दमून खाटेवर पडला. काकूचा मात्र डोळा लागत नव्हता. ती उठली आणि उन्हातून, डोक्यावर पदर घेऊन, बागेकडे निघाली.

मांडवात सून बसलेली दिसली. डाव्या हातात खुरपं, उजव्या हातात काकडीचा तुकडा, आणि तोंड वाकडं. समोर एकतीस नंबरचा बिल्ला, पांढरा दोरा.

सून तोंडातलं गिळूही शकेना आणि थुंकूही शकेना.

"थुंक ते," काकू म्हणाली.

सून थुंकली.

काकू खाली बसली. तिचे गुडघे करकरले. तिनं एकतीस नंबरच्या बुंध्याला हात लावला आणि विचारलं की आणखी कोणते. सुनेनं सांगितलं: सतरा, अडतीस, बेचाळीस, आणि हा. काकूनं विचारलं, नऊ आणि बावीस? सुनेनं मान खाली घातली. काकूला कळलं. तिनं पदर तोंडाशी नेला.

"कधीपासून, आई?"

"तापापासून."

"मग मला सांगायचं नाही?"

"तुला काय सांगू? तू मिरच्या खातेस."

सुनेनं यावर राग धरला असता तर काकूला बरं वाटलं असतं. ती रागावली नाही. हातातली काकडी पाण्यानं धुतली, नवी चकती कापली आणि काकूपुढे धरली. काकूनं ती तोंडात घेतली, दाढेखाली धरली, सवयीनं दहा अंक मोजले, आणि मान हलवली. काहीच नाही. मग सुनेनं तीच काकडी पुन्हा चाखली आणि तिचं नाक, भुवया, हनुवटी सगळं एका जागी गोळा झालं. काकू तिच्याकडे एकटक बघत होती.

"एवढी?" तिनं विचारलं.

"कडुनिंबासारखी."

"तोंड नको एवढं वाकडं करूस. लांबून दिसतं."

मग दोघींनी ठरवलं. सून काकूच्या अगदी शेजारून, टोपली डाव्या कमरेवर घेऊन चालेल. काकू चकती कापेल, तिचा अर्धा तुकडा टोपलीत टाकेल, आणि तांब्यातल्या पाण्यानं सावकाश चूळ भरेल. तेवढ्यात सून तो तुकडा तोंडात टाकेल. कडू असला तर टोपली उजव्या कमरेवर. काकूची एकच अट होती, चाखणी संपेपर्यंत मिरची बंद. सुनेनं ती कबूल केली आणि त्या रात्रीचं जेवण तिच्या घशाखाली उतरेना. बायकोनं मिरची मागितली नाही म्हणून मुलानं काळजीनं विचारलं की पोटात दुखतंय का.

सोमवारी पंधरा वेल झाले. टोपली चार वेळा उजवीकडे गेली. चार वेळा काकू कडू म्हणाली आणि चार वेळा माळी वाकला. आता त्याच्या अंगात उत्साह आला होता. यंदाचं ऊन आणि यंदाचा कडूपणा यांचा हिशोब त्याच्या मनात पुन्हा बसायला लागला होता. घूसही आली नाही. पिंजऱ्यांमुळे पळाली, असं त्यानं ठरवून टाकलं.

राहिले आठ वेल. त्यांची चाखणी शनिवारी आली, आणि शनिवार म्हणजे पाहुणे. मॅडमनी ठरवलं होतं की यंदा चाखणी पाहुण्यांना दाखवायची. वीसबावीस लोक मांडवाच्या सावलीत टोप्या घालून उभे होते, एकजण कॅमेरा घेऊन गुडघ्यावर बसला होता. काकूला नवा पांढरा एप्रन दिला होता. तो कडक होता आणि मानेला टोचत होता. मॅडमनी सुनेला हळूच बाजूला घेतलं आणि म्हणाल्या की तू जरा तिकडे हौदापाशी थांब, फोटोत काकू एकट्या येऊ देत, टोपली माळीकाका धरतील.

माळ्यानं टोपली घेतली. एका हातात टोपली, एका हातात खुरपं, आणि चेहऱ्यावर फोटोचं हसू.

काकूनं मागे वळून पाहिलं. हौद वीसेक पावलांवर होता. सून तिथे उभी होती आणि आपले रिकामे हात कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हतं.

सत्तावन्न नंबर. चकती कापली, जिभेवर ठेवली. कॅमेरा खटखट वाजला. गार, आणि कापूस. "गोड," काकू म्हणाली. दोरा बांधताना तिची बोटं दोनदा चुकली. पाहुण्यांतली एक बाई शेजारणीला म्हणाली की बघ, केवढी एकाग्रता.

एकोणसाठ नंबर हा मांडवातला सगळ्यांत देखणा वेल होता. बुंधा अंगठ्याएवढा, पानं उन्हातही ताठ. माळ्यानं महिनाभर आधीच सांगून ठेवलं होतं की यंदा बियांची फळं यावरच धरायची, म्हणजे पुढच्या वर्षीचे सगळेच्या सगळे वेल याचेच असणार. काकूनं काकडी कापली. चकती चाकूच्या टोकावर होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो खुरपं घेऊन तयार होता, नेहमीसारखा. ती म्हणेल ते तो करणार होता. उपट म्हणाली तर हा वेलही तो उपटणार होता, डोळ्यांत पाणी आणून, पण नक्की का असं न विचारता.

तिनं चकती तोंडात घातली नाही.

"अगं ए," ती हौदाकडे बघून म्हणाली, "इकडे ये. तू सांग."

सून हलली नाही. मॅडम पुढे झाल्या, काय झालं काकू म्हणून.

"माझ्या जिभेला काही कळत नाही, मॅडम. थंडीत ताप आला, त्यात गेली. हिला कळतं."

पाहुण्यांना वाटलं की कार्यक्रमाचाच भाग आहे. मागच्या एकानं टाळीसुद्धा वाजवली. मॅडमचा हात कानातल्या डुलाशी गेला आणि तिथेच राहिला. माळी मात्र टोपली घेऊन तसाच उभा होता. जे सगळ्यांत आधी तोंडात आलं तेच त्यानं विचारलं.

"मग ते नऊ नंबर? आणि बावीस?"

"गोड होते," काकू म्हणाली.

"आणि घूस?"

सून आता जवळ आली होती. "ती मी, बाबा," ती म्हणाली.

माळ्यानं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. मग टोपली खाली ठेवली. घुशीचे दात एवढे सरळ कापत नाहीत हे मला दिसत नव्हतं का, पण मला वाटलं मोठी असेल, असं तो पुटपुटला.

सुनेनं एकोणसाठची चकती तोंडात घातली. तिनं दहा अंक मोजले, ओठ हलताना दिसत होते. "गोड," ती म्हणाली. मग न विचारताच ती सत्तावन्नशी गेली, तिथली उरलेली काकडी कापून चाखली, आणि काकूनं शिकवल्याप्रमाणे तोंड अजिबात वाकडं न करता म्हणाली, "हा कडू आहे."

माळी वाकला नाही. खुरपं हातात धरून तो काकूकडे बघत राहिला. इतक्या वर्षांची सवय होती, त्याला त्या तोंडातूनच शब्द ऐकायचा होता.

"माझ्याकडे काय बघताय," काकू म्हणाली. "तिनं सांगितलं ना. उपटा."

त्यानं उपटला.

पाहुण्यांची जेवणं झाल्यावर मॅडमनी काकूला कार्यालयात बोलावलं. वर पंखा गरगरत होता आणि टेबलावरचे कागद दगडाखाली फडफडत होते. मॅडम वाईट बाई नव्हत्या. पण त्यांनाही वर कुणाला तरी उत्तर द्यायचं होतं. स्वयंपाक्याला चव हवी, हे कुठल्याही नियमात लिहायची गरज पडू नये असं त्या म्हणाल्या. कोठीत बी निवडायला बसा, सावलीचं काम आहे, उभं राहायला नको. काकूनं ऐकून घेतलं. तिला चष्म्याशिवाय बी दिसत नव्हतं, पण ते सांगून आणखी एक अवयव कमी करायची ही वेळ नव्हती.

"चार महिने तुम्ही माझ्या हातचं जेवलात," ती म्हणाली. "एकदा तरी काही बिघडलं?"

मॅडम विचार करायला लागल्या. प्रामाणिक होत्या, म्हणून त्यांना बराच वेळ लागला. म्हणाल्या, उलट मीठ...

"मोजून टाकत होते."

"पण कोबी दोनदा करपला होता, काकू."

"ते तुम्ही बोलला नाहीत."

"तुम्हाला काय सांगणार," मॅडम म्हणाल्या.

शेवटी ठरलं ते असं की हात काकूचे आणि जीभ सुनेची. सुनेला पातेल्यांवरून उठवून एप्रन द्यायचा, आणि पानात वाढायच्या आधी प्रत्येक भांड्यातला चमचा तिनं चाखायचा. एक महिना बघू, मॅडम म्हणाल्या. काकू उठली तेव्हा तिचे पाय इतके हलके पडत होते की दाराच्या उंबऱ्याला ठेच लागली.

घरी मात्र माळी बोलत नव्हता. दोन दिवस त्यानं तंबाखूची डबीसुद्धा स्वतः शोधली. काकूनं वाढलेलं तो निमूट खायचा आणि झारी घेऊन निघून जायचा. तिसऱ्या दिवशी ती त्याच्यामागे बागेत गेली. नऊ नंबरच्या रिकाम्या जागेत तो उकिडवा बसला होता, आळं करून त्यात बोटानं बी टोचत होता. काकू शेजारी बसली. उशीर नाही का झाला, तिनं विचारलं. झालाय, तो म्हणाला, पण थंडी पडायच्या आत चार काकड्या देईल. मग बावीसच्या जागेत दुसरं बी टोचलं. माती सारखी करत, तिच्याकडे न बघता, तो म्हणाला, "सगळ्यांत शेवटी मला कळलं. घुशीलासुद्धा माझ्याआधी कळलं."

काकूला हसू आलं आणि ते आवरता आवरेना. माळी थोडा वेळ गंभीर राहिला. मग त्याचेही खांदे हलायला लागले. "नक्की काहीच लागत नाही?" त्यानं विचारलं. नक्की, ती म्हणाली. "मग इतकी वर्षं माझ्या तंबाखूला नावं ठेवत होतीस," असं म्हणून त्यानं डबी काढली आणि तिच्यापुढे धरली. तिनं ती त्याच्या हातासकट दूर सारली.

त्या शनिवारी जुन्या स्वयंपाकघरात काकडीचं सार होतं. काकूनं लोखंडी चुलीवर लोणी वितळवलं, त्यात काकडीच्या फोडी सोडल्या, त्या काचेसारख्या झाल्याचं डोळ्यांनी बघून वर दूध ओतलं, मिरपूड घातली, मीठ मोजलं. पातेल्याच्या कडेला बारीक बुडबुडे यायला लागले तसं तिनं चमचा भरला, फुंकर घातली आणि सुनेपुढे धरला. सुनेच्या नव्या एप्रनची इस्त्री अजून मोडली नव्हती.

सुनेनं चमचा तोंडात घेतला. "छान झालंय," ती म्हणाली.

"छान म्हणजे?"

"छान म्हणजे छान, आई. मीठ बरोबर आहे."

"मीठ बरोबर आहे हे मला माहीत आहे, मीच टाकलंय. कसं लागतंय ते सांग."

सुनेला असलं बोलायची सवय नव्हती. तिनं चुलीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. बाहेर ताटं मांडल्याचा आवाज येत होता, पाहुणे खुर्च्या ओढत होते. काकू चमचा घेऊन तशीच उभी होती, हललीच नाही. सुनेनं दुसरा घोट घेतला आणि डोळे मिटले.

"आधी गार लागतं," ती म्हणाली. "म्हणजे गरमच आहे, पण गार. उन्हातून आल्यावर भिंतीला पाठ टेकली की लागतं तसं."

"हं." काकूनंही डोळे मिटले होते.

"मग लोणी. ते जिभेवरून लगेच सरकतं, राहत नाही. मग जरा वेळ नुसतं दूध. आणि मग शेवटी मागून..."

"मागून काय?"

"थांबा, गिळू दे."

तिनं गिळलं. समोर काकूनंही गिळलं.

"हं," काकू म्हणाली. "आता सांग."